सोनतळीची पुनर्वसन वसाहत : माणसांची सोय झाली, म्हशींचं काय?

१९८९च्या महापुरानंतर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या पूरग्रस्तांना सोनतळीच्या माळावर प्लॉट दिले. त्यातला एक आमच्या सासऱ्यांचा. त्यावर आम्ही दोन खोल्या बांधल्यात आणि पाणी चढायला लागलं की तिथंच मुक्काम हलवतो. म्हणून हे अनुभवाचं लिहिते.

जागेच्या निवडीला पैकीच्या पैकी गुण. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट; २०१९ला आणि २०२१ला नदी ५५ फुटांच्या वर गेली. चिखलीत घरंच्या घरं बुडाली, सोनतळीत आमची चूल पेटत होती. लहान पोरं, म्हातारी माणसं घेऊन जीव मुठीत धरून छपरावर बसावं लागलं नाही, हे उपकार मी विसरणार नाही.

पण पाणी उतरलं की आम्ही परत खाली जातो. आमचा ऊस नदीकाठच्या काळ्या रानात, वैरण तिथंच, गोठाही तिथंच. पहाटे धार काढून डेअरीत दूध घालायचं तर माळावरून अंधारात कोण आणि किती दिवस येणार? प्लॉट आखताना घरापुरताच आखला. चार म्हशी, वैरणीची गंजी, शेणाचा उकिरडा यांना जागाच ठेवली नाही. दूध बंद झालं तर आमच्याकडं आठवड्याचा बाजार होत नाही. २०१९ला पाणी दारात आलं तरी कितीतरी जण जनावरांपायी थांबले आणि शेवटी त्यांना बोटींतून काढावं लागलं. ‘हे लोक सांगूनही हलत नाहीत’ असं कुणी म्हटलं की मला फार लागतं. दावणीला बांधलेलं जनावर सोडून पाय निघत नाही हो.

दुसरं, कुटुंबं वाढली. तेव्हा एक चूल होती, आता तीन भावांच्या तीन आहेत, प्लॉट तेवढाच. नोंदीच्या कागदासाठी सासऱ्यांनी एका कार्यालयात जोडे झिजवले ते वेगळंच.

पाचपैकी तीन गुण देते, तेही उंचीमुळं.

ज्यांच्या गावाचं पुनर्वसन आता ठरतंय, त्यांनी मोजणीच्या दिवशी घरातल्या बायकांना सोबत न्यावं. सामायिक गोठा, वैरणीची जागा आणि जनावरांच्या पाण्याची टाकी नकाशात दाखवल्याशिवाय सही करू नये. आणि प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावावर मागून घ्यावा.