निराधारचं काम 'करून देणारा' माणूस

आमच्या तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानांच्या ओळीत एक माणूस उभा असतो. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला रेक्झिनची बॅग, खिशाला दोन पेनं. हातात कागदांची पिशवी घेतलेली बाई दिसली की हा पुढे होऊन विचारणार, "मावशी, निराधारचं ना?" म्हणजे विधवा, निराधारांना महिन्याला पैसे देणारी सरकारची संजय गांधी निराधार योजना. लोक त्याला सर म्हणतात. तो कचेरीतला नाही, सेतूतलाही नाही. माझ्या थोरल्या जावेला, अक्कांना त्याने कसं लुबाडलं ते सविस्तर लिहिते. त्याची पद्धत कळली तर पुढच्या बाईचे पैसे वाचतील.

मोठे दीर वारले तेव्हा अक्कांना लाडकी बहीणचे 1500 चालू होते. हा म्हणाला, "ते येतात ते येऊ द्या. त्यावर संजय गांधी निराधारचे 1500 लावून देतो. आत सेटिंग आहे आपली." म्हणजे महिना 3000. हे मुळात होतच नाही. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिना 1500 किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही, असा नियमच आहे. पण कोरडवाहू दीड एकर आणि कॉलेजात शिकणारा पोरगा एवढ्यावर संसार ओढणाऱ्या बाईला नियमांचा कागद कोण वाचून दाखवणार? अक्कांना लोभी म्हणणारे घरातही निघाले. त्यांनी 1500 रुपयांत एक महिना काढून दाखवावा, मग बोलावं.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. आधी फॉर्म आणि प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्पचे म्हणून 700 घेतले. अर्जाला पैसे लागत नाहीत. आणि उत्पन्न, रहिवासी वगैरे दाखल्यांसाठी जे प्रतिज्ञापत्र लागतं त्यावरचं 500 रुपयांचं मुद्रांक शुल्क सरकारने 2025 मध्येच माफ केलंय. मग उत्पन्नाच्या दाखल्याचे 1500. "निराधारला वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं मावशी, तुमचं बसत नाही, मी बसवतो." 21 हजारांची अट खरी आहे, म्हणूनच पटतं. त्याचं अर्धं बोलणं नेहमी खरं असतं. शेवटी समितीतल्या लोकांचं चहापाणी म्हणून 2000. तालुक्याला संजय गांधी निराधार समिती असते, तिच्या बैठकीत अर्ज मंजूर-नामंजूर होतात, हेही खरंच. बैठक व्हायला वेळ लागतो आणि याचा धंदा त्या वेळेवरच चालतो. अर्ज मंजूर झाला तर "मी केलं", नाही झाला तर "साहेब बदलले".

अक्कांचं काम मात्र एवढ्यावर थांबलं नाही. एक दिवस त्याने त्यांना दुकानामागच्या ओट्यावर बसवलं आणि बॅगेतून आगपेटीएवढं यंत्र काढून मोबाईलला जोडलं. "आता पैसे थेट आधारच्या खात्यात येतात, त्याची केवायसी करावी लागते." अक्कांनी अंगठा ठेवला. खालचा लाल दिवा लागला. तो म्हणाला, "उठला नाही, शेतात काम करून रेषा गेल्यात तुमच्या. हात पुसा." पदराला बोट पुसून त्यांनी परत ठेवला. "झालं." कागद नाही, पावती नाही. आमचा कयास असा, की पहिल्या अंगठ्याने त्याने खात्यात किती आहेत ते बघितलं असणार. दुसऱ्या अंगठ्याने 9,500 काढले, हे तर पासबुकातच आलं. सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतले उरलेले पैसे होते ते.

हे कसं जमतं ते नीट समजून घ्या. गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे निघतात ना, तीच ही सोय. तिला आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी येत नाही, कार्ड लागत नाही, पिन लागत नाही. आधारची झेरॉक्स त्याच्याकडे फॉर्मसोबत आलेलीच होती, बँकेचं नाव पासबुकाच्या पहिल्या पानावर. राहिला अंगठा, तो केवायसीच्या नावाने घेतला. बँकेचा मेसेज गेला, पण खात्याला नंबर होता मोठ्या दिरांचा. त्यांचं सिम रिचार्जअभावी कधीच बंद पडलं होतं. घरातला कर्ता माणूस गेला की मृत्यूच्या दाखल्यासाठी धावपळ होते, बँकेतला मोबाईल नंबर बदलायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. ते आधी करा.

पासबुक भरून आणल्यावर पोराने ती नोंद वाचली आणि मला फोन केला. आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली, मग पोलीस ठाण्यात गेलो. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक आहे. चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. शाखेतले म्हणतात, मेसेज तर त्याच दिवशी गेला. आम्ही म्हणतो, बंद सिमवर गेलेला मेसेज कळणार कुणाला? खातं अक्कांचं, नंबर तेवढा दिरांचा. हा वाद अजून चालू आहे. आधारच्या वेबसाइटवर गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं. त्याची प्रिंट जोडली तेव्हा कुठे ठाण्यातल्या हवालदाराने कागद नीट वाचला.

दाखल्याची गंमत तर वेगळीच. त्याने दिलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर शिक्का होता, सही होती, खाली बारकोड होता. पोराने 'आपले सरकार' या सरकारी संकेतस्थळावर तो बारकोडचा आकडा टाकला तर भलत्याच जिल्ह्यातल्या एका पुरुषाचं नाव आलं! हा कागद अर्जाला लागला असता तर सरकारला फसवल्याचं बालंट अक्कांवर आलं असतं, कारण अर्जावर सही त्यांची. तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेच्या टेबलावर चौकशी केली तर त्यांच्या नावाचा अर्ज आवक नोंदवहीत नव्हताच. एरवी या गोष्टीचा संताप आला असता, त्या दिवशी हायसं वाटलं.

एका गोष्टीचा राग मात्र जात नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस 18 ते 59 या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून 20,000 रुपये एकरकमी मिळतात. अर्ज त्याच कचेरीत, त्याच शाखेत. अक्कांच्या घरचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, दीर 54 चे होते. त्या माणसाला हे माहीत नसेल? त्याने चकार शब्द काढला नाही. तो अर्ज आता आम्हीच भरून दिलाय आणि पोचेवर आवक क्रमांक घेतलाय.

आधारचा अंगठा लॉक करता येतो, ॲपवरून किंवा वेबसाइटवरून, मोबाईल आधारला जोडलेला असला पाहिजे. अडलं तर आधारच्या 1947 या हेल्पलाइनवर विचारा. फक्त लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, धान्य आणायच्या दिवशी तो तात्पुरता उघडावा लागतो. अक्का पहिल्याच महिन्यात दुकानातून रिकाम्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, "तू कुलूप लावलंस, किल्ली कुठंय?" काही बँका लेखी अर्जावर आधारने पैसे काढायची सोयच बंद करून देतात, तेही शाखेत विचारून बघा.

आमच्या तालुक्यात आणखी कुणाचा अंगठा त्या ओट्यावर घेतला गेला असेल तर पासबुक भरून आणा आणि तारीख बघून ठेवा. ठाण्यात एकट्या बाईला "नंतर या" म्हणतात. चारचौघी एकत्र गेलो तर तेच कागद घेतील.