युरोपियन कप की फेअर्स कप: 1955 च्या दोन सुरुवाती

1955 मध्ये युरोपात क्लब फुटबॉलच्या दोन स्पर्धा सुरू झाल्या. ‘लेकिप’ या फ्रेंच दैनिकाच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या युरोपियन कपमध्ये 16 क्लब होते. मात्र सारेच आपापल्या देशाच्या लीगचे विजेते नव्हते, कारण स्कॉटलंडचा हिबर्नियन संघ मागील मोसमात पाचवा असूनही निमंत्रित होता. इंग्लंडच्या विजेत्या चेल्सीला तेथील लीगने माघार घ्यायला लावली, हा करंटेपणाच म्हणायचा.

दुसऱ्या स्पर्धेत, म्हणजे फेअर्स कपमध्ये, व्यापारी जत्रा भरवणाऱ्या शहरांचे संघ खेळले आणि त्यांचा पहिला ‘मोसम’ चक्क तीन वर्षे रेंगाळला. लंडनने अनेक क्लबांतून खेळाडू निवडले, तर बार्सिलोनाचा संघ प्रत्यक्षात क्लबचाच होता. या दोघांतील दोन सामन्यांच्या अंतिम फेरीत पहिल्या 2-2 अशा बरोबरीनंतर लंडनचा 6-0 असा धुव्वा उडाला, यात नवल नाही.

माझे माप युरोपियन कपच्याच पारड्यात पडते. 13 जून 1956 रोजी पॅरिसमध्ये त्याच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या रँस संघाने पहिल्या दहा मिनिटांत 2-0 आघाडी घेतली, रेआल माद्रिदच्या डी स्टेफानो व रियाल यांनी ती मध्यंतरापूर्वी फेडली, इदाल्गोने रँसला पुन्हा पुढे नेल्यावर माद्रिदचा बचावपटू मार्किटोसने बरोबरी साधली आणि रियालच्या दुसऱ्या गोलने रेआल माद्रिद 4-3 असा जिंकला.