हायटेक एचएस-४२५बीबी: थ्रॉटलला एवढा पुरे

पेट्रोल इंजिनच्या रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानात थ्रॉटलला, म्हणजे इंजिनचा वेग कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, कुठला सर्व्हो (रेडिओच्या हुकमावर आर्म फिरवणारी छोटी मोटर) लावू, असं विचारलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, पडून असलेला कुठलाही ठोकून दे. दुसरा, मेटल गिअरचा, २० किलो टॉर्कवाला (फिरवण्याच्या जोराचा) घे. मला दोन्ही पटत नाहीत. माझ्या ३० सीसीच्या विमानात हायटेक कंपनीचा एचएस-४२५बीबी आहे आणि तो बदलावासा वाटलेला नाही.

साधा ॲनालॉग, स्टँडर्ड मापाचा सर्व्हो. ६ व्होल्टवर टॉर्क ४.१ किलो-सेंमी. कार्बोरेटरची झडप फिरवायला ही ताकद रग्गड झाली. थ्रॉटलच्या सर्व्होचा जीव जातो तो कंपनांनी. एलिव्हेटर, आयलरॉन (शेपटीवरच्या आणि पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) सतत हलत असतात; थ्रॉटल मात्र बराच वेळ एकाच जागी थांबतो. मग लिंकेजमधून (सर्व्हो आणि झडप जोडणाऱ्या दांडीतून) येणारी सगळी थरथर गिअरच्या त्याच दोन-चार दातांवर आणि पोटेन्शिओमीटरच्या (सर्व्होला आपली जागा कळवणाऱ्या भागाच्या) त्याच भागावर बसते. नायलॉनचे गिअर त्यातली थोडी पचवतात, दोन बॉल बेअरिंग शाफ्टला डुगडुगू देत नाहीत. मायक्रो सर्व्होने वजन वाचतं, कबूल. पण त्या इवल्याशा दातांवर पेट्रोल इंजिन सोपवायची माझी तयारी नाही.

बसवताना स्क्रूभोवतीचे रबरी ग्रोमेट (धक्के पचवणारी कडी) गाळू नका. ग्रोमेटमधल्या पितळी बुशची (नळीची) पसरट कड लाकडाकडे हवी, नाहीतर ती हळूहळू लाकडात रुतते आणि रबर दबून निकामी होतं. पुशरॉड (झडप ढकलणारी दांडी) नायलॉनचा घ्या. धातूचा रॉड इग्निशनचा रेडिओ-गोंगाट थेट रिसिव्हरच्या दारात आणून सोडतो. इंजिन बंद असताना ट्रान्समीटरची थ्रॉटल स्टिक खाली ओढून सर्व्होला कान लावा. गुणगुणत असेल तर तो झडपेच्या अडणीशी झुंजतोय, ट्रान्समीटरवर एंड पॉइंट (सर्व्हो किती दूर फिरेल ती मर्यादा) कमी करा.

उणिवा आहेतच. हा हाय व्होल्टेज नाही, त्यामुळे दोन सेलची लायपो (लिथियम बॅटरी) थेट जोडायची सोय नाही, रेग्युलेटर लागतो. शाफ्टला २४ दात, म्हणून फुटाबाचे २५ दातांचे आर्म बसत नाहीत. आणि हा किंवा कुठलाही सर्व्हो उड्डाणात मेला, तर इंजिन होतं त्याच थ्रॉटलवर धावत राहतं; तिथे फेलसेफही (सिग्नल तुटल्यावर सर्व्होला ठरलेल्या जागी नेणारी सोय) हात टेकतो. म्हणून इग्निशन तोडणारा स्विच वेगळ्या चॅनलवर घ्याच.