पसंतीक्रमाचं मत आणि एका बटणाचं मत

विधानसभेला यंत्रावर एक बटण दाबायचं. सर्वाधिक मतं ज्याची, तो आमदार. मतं पाच जणांत विभागली, तर तीस टक्क्यांवरही जिंकता येतं.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात, जिथे फक्त नोंदणी केलेले पदवीधर मत देतात, कागदी मतपत्रिका असते. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेननेच नावापुढे १, मग हवं तर २, ३ लिहायचं. वैध मतं १,००,००० असतील तर कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ५०,००१. पहिल्या पसंतीत कोणी तिथवर पोहोचलं नाही, की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. मोजणी रात्रभर लांबते, पण कौल जास्त खरा मिळतो. दुःख एवढंच, की शिकलेले मतदारही आकड्याऐवजी बरोबरची (✓) खूण करतात, किंवा ‘१’ दोघांपुढे लिहितात, आणि मत बाद होतं.