मुलाची पहिली मोटरसायकल: आठ महिने, ६,४०० किलोमीटर

माझा मुलगा पंचविशीचा आहे. सायकल सोडली तर दोन चाकांवर कधी बसलेला नव्हता. एक दिवस म्हणाला, "बाबा, मोटरसायकल घ्यायचीय. पैसे माझे, पण बघायला तुम्ही चला." मी तीस वर्षं मोटरसायकल चालवतोय, तरी त्या वाक्याने पोटात गोळा आला. स्वतः चालवणं वेगळं आणि मुलाच्या हातात मूठ देणं वेगळं. आज आठ महिने झाले. याच विवंचनेत असलेल्या आईवडिलांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातल्या चारपाच गाड्यांना पुढचं सगळं थोड्याफार फरकाने लागू होतं. एका सिलेंडरचं, पाण्याने थंड होणारं ३०० सीसीच्या आसपासचं इंजिन, ताकद तीस हॉर्सपॉवरच्या आत, वजन १६५ किलो, सीटची उंची ७८५ मिलिमीटर, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि सरळ, रुंद हँडल.

त्याच्या मनात होती चार सिलेंडरची ६५० सीसी, शंभराच्या घरात हॉर्सपॉवर. माझ्या मनात होती मी वापरतो तशी भारदस्त, लांबलचक, दोनशे किलोंच्या वरची गाडी. दोघांचंही चुकत होतं. नवखा माणूस दचकला की मूठ आवळतो, आवळताना मनगट खाली जातं आणि अॅक्सिलरेटर आपोआप पिळला जातो. तीस हॉर्सपॉवरच्या गाडीत तो एक हिसका असतो. शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीत सावरेपर्यंत समोरची भिंत आलेली असते. युरोपात मधल्या ताकदीच्या मोटरसायकलींसाठी असलेल्या ए२ परवान्यावर ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७ हॉर्सपॉवरपर्यंतचीच गाडी चालवता येते. ती मर्यादा मला अगदी पटते. माझ्या पसंतीच्या गाडीत ताकदीचा धोका कमी होता, पण वजन होतं. आणि नवशिक्याची गाडी पडते ती बहुतेकदा वेगात नाही, उभी असताना किंवा वळवून घेताना पडते.

म्हणून आम्ही चक्कर मारायच्या आधी तीन गोष्टी केल्या. एक, बसून दोन्ही तळवे पूर्ण टेकतात का ते पाहायचं. दोन, साइड स्टँडवरून गाडी सरळ करायची, पुन्हा टेकवायची, असं दहा वेळा. तीन, इंजिन बंद ठेवून, सीटवर बसून पायांनी दहा पावलं मागे रेटायची. मुलाची उंची पाच फूट सहा इंच. त्याच्या आवडत्या ६५० वर तो सहाव्या वेळेला थांबला, हँडल धरलेले हात थरथरत होते. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "ही आत्ता नको." मी नको म्हटलं असतं तर ती गाडी त्याच्या डोक्यातून कधीच गेली नसती. सज्ञान मुलाला गाडी नाकारता येत नाही, फक्त तिचं वजन त्याच्या हातात देता येतं.

एबीएसच्या बाबतीत मात्र मी हटून बसलो. मोटरसायकलवर एबीएस पहिल्यांदा १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेत आलं, म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. पुढचं चाक लॉक झालं की गाडी अर्ध्या सेकंदात आडवी होते आणि नवख्याला ते सावरता येत नाही. कोणत्याही पहिल्या गाडीला एबीएस दोन्ही चाकांना असावं, पुढच्याला तर हवंच.

त्याला शिकवलं मी नाही, रीतसर प्रशिक्षणाला पाठवलं. तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस मुलाला दुसऱ्याकडे का पाठवतो, असं मित्रांनी विचारलं. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा बारकाईने तपास केला आणि १९८१ साली अहवाल दिला. त्यातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. शिवाय निम्म्याहून जास्त जणांना अपघातातली ती गाडी चालवायला लागून पाच महिनेही झाले नव्हते, जरी एकूण चालवण्याचा अनुभव जवळपास तीन वर्षांचा असला तरी. अहवाल जुना आहे, पण हा दुसरा आकडा वाचल्यापासून मी कॅलेंडरवर पहिले पाच महिने मोजत होतो.

आता गाडीबद्दल.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे हलका क्लच. असिस्ट-स्लिपर प्रकारचा आहे, दोन बोटांनी दबतो. घाईत एकदम खालचा गिअर टाकला तरी मागचं चाक फरफटत नाही. पहिल्या महिन्यात त्याने शंभरदा तरी गाडी बंद पाडली असेल. मग आम्ही रिकाम्या मैदानात अॅक्सिलरेटरला हात न लावता, फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी चालवायचा सराव केला. क्लच नेमका कुठे पकडतो ते बोटांना कळलं आणि बंद पडणं थांबलं. कमी आरपीएमला इंजिनाची ओढ चांगली आहे, त्यामुळे गर्दीत सतत गिअर बदलावे लागत नाहीत.

दुसऱ्या महिन्यात पडला. यू टर्न घेताना चाकाखाली बारीक खडी आली, नजर खाली गेली आणि घाबरून त्याने पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं, वेग चालण्याएवढा, गाडी जागच्या जागी आडवी. एबीएसचा इथे काही उपयोग नसतो, इतक्या कमी वेगात ते कामच करत नाही. ब्रेक लिव्हरचं टोकाचं गोल बोंड तुटलं, इंडिकेटर वाकला. मुलाचा तळहात वाचला, कारण हातमोज्याचा अंगठ्याखालचा चामड्याचा तुकडा पार खरवडून निघाला होता. तो मोजा मी जपून ठेवलाय. गाडी त्याने एकट्याने उचलली: पाठ सीटला टेकवून, गुडघ्यातून, छोटी पावलं टाकत मागे. प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि १६५ किलो होती म्हणून जमलं. त्यानंतर यू टर्नला तो हलका मागचा ब्रेक धरतो आणि जिथे जायचंय तिथे मान पूर्ण वळवून बघतो. जिथे बघाल तिथे गाडी जाते, ही गोष्ट शब्दशः खरी आहे.

ब्रेकचा सराव दर रविवारी. मैदानात खडूने रेघ मारायची, ताशी ४० च्या वेगात यायचं, रेघेवर ब्रेक. पहिल्या दिवशी रेघेपासून थांबेपर्यंत २१ पावलं भरली, कारण सगळा जोर मागच्या ब्रेकवर. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं, म्हणून खरं काम पुढचाच ब्रेक करतो. पण तो एकदम आवळायचा नाही, आधी वजन पुढे येऊ द्यायचं आणि मग दाब वाढवत न्यायचा. तिसऱ्या रविवारी १३ पावलं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. पावलं मोजल्यावर पटलं.

पाचव्या महिन्यात एक गाडी अचानक त्याच्या समोरून आडवी वळली. संध्याकाळी घरी येऊन हेल्मेट हातातच धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, बोटाखाली टकटकलं." एबीएस सुरू झाल्यावर लिव्हरला जे हादरे बसतात ते. नवखे लोक त्या हादऱ्यांना घाबरून ब्रेक सोडतात. याने सोडला नाही, कारण मैदानात मागच्या ब्रेकवर ते पायाखाली मुद्दाम अनुभवलं होतं. त्याची आई त्या रात्री बराच वेळ त्याच्या खोलीत बसली होती.

तक्रारीही आहेत. सीट कडक आहे, दीड तासानंतर बसवत नाही. हॉर्नचा आवाज अगदी क्षीण होता, आम्ही दुसरा बसवला. हेडलाइटचा झोत वळणावर अपुरा पडतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट, पहिल्या सर्व्हिसिंगहून गाडी आली ती चेन ताठ करून. पुस्तिकेत २५ ते ३५ मिलिमीटर ढील सांगितलाय, मोजला तर १५ सुद्धा नव्हता. वजन पडून सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. मी फार चिडलो होतो. तेव्हापासून चेन आम्ही घरीच बघतो. दर ५०० किलोमीटरला साफ करून तेल द्यायचं, चाक फिरवून तीनचार ठिकाणी ढील मोजायचा, टायरची हवा गाडी थंड असताना तपासायची. नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर निसरडे असतात, तेवढे दिवस वळणावर झुकू नका.

संरक्षक कपड्यांचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढा. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर घालूनच घ्या. गाल दाबले गेले पाहिजेत आणि पट्टा लावून मागून वर उचललं तर निघता कामा नये. एकदा जोराचा आपटा बसला की बदलायचं, कारण आतला फोम एकदाच दबतो. जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट या गोष्टी मी त्याच्या वयात वापरल्या नाहीत. तो वापरतो याचं मला समाधान आहे.

इतके महिने मी त्याला मागे कोणाला बसवू देत नव्हतो. मागच्या रविवारी पहिल्यांदा मी स्वतः बसलो. मागची सीट अरुंद आहे, धरायला मूठ बरी आहे, पाय जरा जास्त दुमडतात. निघण्यापूर्वी त्याने न सांगता मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, दोन खाचा वाढवला, हवा वाढवली आणि मला म्हणाला, "वळणावर माझ्याबरोबर झुका, उलटं नको." चाळीस मिनिटं फिरलो. एकदाही माझा पाय नसलेल्या ब्रेककडे गेला नाही. घरी आल्यावर प्रीलोड परत दोन खाचा कमी केला, वहीत ६,४१२ लिहिलं आणि चेन गरम आहे तोवर तेल देतो म्हणून खाली बसला.