बिडाचा तवा : पापलेटसाठी उत्तम, सॉससाठी नव्हे

चार महिन्यांपूर्वी दादरच्या बाजारातील एका भांड्यांच्या दुकानातून मी दहा इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा साडेअकराशे रुपयांना घेतला. आमच्या घरी पापलेट म्हटले की लाल मसाला आणि वरून रवा हे ठरलेलेच. परंतु मासा केवळ मीठ आणि मिरपूड लावून भाजावा आणि त्यावर घरी केलेला कोकमाचा सॉस घालावा, असे फार दिवस मनात होते. रव्याचा थर नसला की मासा आणि तवा यांच्यामध्ये आडोसा उरत नाही आणि तव्याची खरी परीक्षा तेथेच होते. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

प्रथम तक्रार. वेष्टनावर ‘वापरण्यास तयार’ असे छापलेले असूनही पहिल्याच दिवशी रावसाच्या दोन तुकड्या तव्याला अशा धरल्या की कालथ्याने खरवडून काढाव्या लागल्या, आणि विचारणा केल्यावर दुकानदाराने तेल कमी पडले असेल एवढेच सांगितले. तेल पुरेसे होते. कमी पडली होती ती तव्याची तयारी. तवा धुऊन, आचेवर कोरडा करून, फडक्याने तेलाचा हात फिरवावा, नंतर ते तेल जवळजवळ सगळे पुसून काढावे आणि धूर येईपर्यंत तापवावे, असे मी पाच वेळा केले. तेल पुसण्याचा कंटाळा केला तर थर कडक न होता चिकट राहतो. विक्रेत्याने ही माहिती एका चिठ्ठीवर छापून दिली असती तर माझ्या त्या दोन तुकड्या वाचल्या असत्या.

त्यानंतर मात्र या तव्याने मला मनापासून समाधान दिले. बीड सावकाश तापते, म्हणून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे द्यावी लागतात. पण एकदा तापले की गार, ओलसर मासा ठेवल्यावरही त्याची उष्णता सहजासहजी उतरत नाही, आणि मासा न चिकटण्याचे निम्मे रहस्य यातच आहे. उरलेले निम्मे माशाच्या कोरडेपणात आहे. पापलेटच्या तुकड्यांना मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे आणि मगच मिरपूड लावावी. तुकडी तव्यावर ठेवल्यावर पहिली तीन मिनिटे तिला हात लावू नये. सुरुवातीला ती तव्याला घट्ट धरून असते. मग चर्र आवाज हळूहळू बारीक होतो, कडेचे मांस काचेसारखे दिसत असते ते दुधासारखे पांढरे होत वर सरकते, आणि कालथ्याची कड खाली सारली की तुकडी आपण होऊन सुटते. खालची बाजू सोनेरी आणि कुरकुरीत झालेली असते, आत मात्र रस तसाच असतो. चंदेरी पापलेटला 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले. त्याची मूळ गोडी मसाल्याविना चाखायला मिळाली ती मला या तव्यामुळेच.

आता सॉसविषयी. मासा काढल्यावर तव्यात उरलेल्या खरपूस तेलातच लसूण परतून कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घालून काढलेला घट्ट रस, घालावे, असा मोह होतो आणि मीही त्याला बळी पडले. आगळाच्या आंबटपणाने लोखंड सुटले, सुंदर तांबडा रंग काळपट झाला, चवीला धातूचा वास आला आणि पाच वेळा बसवलेला थर मधोमध निघून गेला. तेव्हापासून मी सॉस स्टीलच्या लहान पातेल्यात करते. चमचाभर लोण्यात ठेचलेल्या चार पाकळ्या लसूण मंद आचेवर मऊ कराव्या, दोन चमचे आगळ, तेवढेच पाणी आणि सुपारीएवढा गूळ घालून एक उकळी आणावी, आच बंद करून गार लोण्याचे लहान तुकडे एकेक करून घोटावे. लोणी गारच हवे आणि पुन्हा उकळी येऊ देऊ नये, नाहीतर तेल वेगळे होते. आगळ मुळातच खारट असते, म्हणून मीठ चाखूनच ठरवावे. हा सॉस तुकडीवर न ओतता ताटात तिच्या खाली पसरावा. कुरकुरीत बाजू कुरकुरीतच राहते.

मुंबईच्या पावसाळ्यात या तव्याला जपावे लागते. ओला राहिलेला तवा एका रात्रीत तांबूस होतो, त्यामुळे धुतल्याबरोबर आचेवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवणे मी चुकवत नाही. दोन किलोंहून अधिक वजनामुळे माझ्या सासूबाईंना तो एका हाताने उचलत नाही, आणि मूठही तापते. ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी मासे होतात, त्यांनी तो अवश्य घ्यावा. क्वचित मासे करणाऱ्यांना एवढी निगा राखणे जड जाईल. त्यांनी रवा लावून साध्या तव्यावर तळलेले बरे.