मोडस थीम्स : ईमॅक्समध्ये कॉमेंटसुद्धा वाचता येते

प्रोतेसिलाओस स्तावरू यांनी रचलेल्या मोडस थीम्स, म्हणजे तयार रंगयोजना, कोड आणि मजकूर लिहिण्याच्या ईमॅक्स या एडिटरच्या २०२२ साली आलेल्या २८व्या आवृत्तीपासून त्याच्यासोबतच मिळतात, त्यामुळे वेगळे काही डाउनलोड करावे लागत नाही. उजळ थीमचे नाव मोडस ऑपरंडी आणि गडद थीमचे मोडस विवेंडी. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ७:१ असावे, हा वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला सर्वांत कडक निकष त्यांनी पायाभूत मानला आहे.

लोकप्रिय थीम्समध्ये मुख्य मजकूर बहुधा नीट दिसतो. आबाळ होते ती कॉमेंटची, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या टिपणांची. सोलराइज्ड या थीमच्या उजळ रूपात कॉमेंटचा करडा रंग पार्श्वभूमीच्या तुलनेत साधारण २.५:१ एवढाच भरतो. कोड असा का लिहिला, हे ज्या ओळींत सांगितलेले असते त्याच ओळी दृष्टी मंद असलेल्या वाचकाला डोळे ताणून वाचाव्या लागाव्यात, हे मला मुळीच पटत नाही. मोडसमध्ये कॉमेंट, निवडलेला मजकूर आणि शोधात सापडलेले शब्द यांनाही तोच नियम लावलेला आहे, आणि या थीम्सचे खरे मोठेपण मला त्यात वाटते.

या कडकपणाची किंमत उजळ थीममध्ये मोजावी लागते. पांढऱ्यावर ७:१ गाठायचे तर अक्षराची तेजस्विता पांढऱ्याच्या एक दशांशापेक्षा जास्त असून चालत नाही. त्यामुळे पिवळा तपकिरीकडे झुकतो आणि सगळेच रंग गडद झाल्याने ते चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. गडद थीममध्ये अडचण निळ्याची आहे. तेजस्वितेच्या सूत्रात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के असल्याने शुद्ध निळा काळ्यावर २.४:१ च्या आसपासच राहतो. म्हणून विवेंडीने त्यात हिरव्याची भर घालून आकाशी छटा घेतली आहे, आणि ती फार सुरेख उतरली आहे.

लाल-हिरव्यातला फरक ज्यांना जाणवत नाही त्यांच्यासाठी ड्यूटेरॅनोपिया हे वेगळे रूप आहे, ज्यात फाइलमधले बदल निळ्या आणि पिवळ्या रंगांत दिसतात. निव्वळ पांढरा किंवा काळा पडदा डोळ्यांना खुपत असेल, तर टिंटेड, म्हणजे पार्श्वभूमीला किंचित रंगछटा असलेले, रूप घ्यावे.

मराठी लिहिणाऱ्यांनी मात्र फॉन्टही विचारपूर्वक निवडावा, कारण हे गुणोत्तर फक्त रंग मोजते, रेषेची जाडी मोजत नाही. बारीक फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार ७:१ लाही हरवतात. मध्यम जाडीचा देवनागरी फॉन्ट आणि थोडा मोठा आकार घेतला, तर दोन्ही थीम्समध्ये मराठी मजकूर स्वच्छ वाचता येतो.